न उडालेल्या विमानांचे कपाट

आपल्या विज्ञान खोलीत भिंतीलगत एक काचेचे कपाट आहे. खारबावच्या या आवारात आलेले पाहुणे वंदना आटोपून शाळा पाहावयास निघाले, की त्या कपाटापाशी हमखास थबकतात. आत वीत-दीड वीत लांबीची प्लॅस्टिकची विमाने आहेत. काही खऱ्या विमानांच्या प्रतिकृती आहेत. त्यांच्याच शेजारी, कधीही कोठेही अस्तित्वात नसलेली विमाने मांडलेली आहेत : 'स्टार वॉर्स' चित्रपटातील चार पंख फुलीसारखे उघडणारे एक्स-विंग, 'मॅक्रॉस' या जपानी मालिकेतील विमानाचे यंत्रमानवात रूपांतर होणारे व्हॅल्किरी. पालक आदराने पाहतात आणि निघताना हळूच विचारतात, "सर, ही खेळणी शाळेत कशाला?" स्मरणिकेच्या निमित्ताने या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावे, असे आम्हांला वाटले.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. पॉलिस्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकचे दाणे वितळवून तो रस मोठ्या दाबाने पोलादी साच्यात सोडतात. थंड झाल्यावर पंख, चाके, वैमानिकाची खुर्ची असे सारे भाग एका चौकटीला बारीक दांड्यांनी जोडलेले बाहेर येतात. त्या चौकटी, पाण्यात भिजवून लावायची चिन्हे आणि जोडणीची पुस्तिका खोक्यात भरली, की झाला संच. इंग्लंडमध्ये १९३९ साली स्थापन झालेल्या एअरफिक्स कंपनीने १९५३ मध्ये स्पिटफायर विमानाचा संच काढला, आणि घरोघरच्या मुलांच्या टेबलावर विमाने उतरू लागली. आता तसली खोकी भिवंडी परिसरातील गोदामांतून रोज पुढे जातात. आपल्या कित्येक विद्यार्थ्यांच्या वडिलांनी ती न उघडता उचलली असतील.

मॉडेल जुळवताना पहिली गोष्ट शिकावी लागते ती कापण्याची. भाग चौकटीपासून मोडून काढायचा नसतो. आधी थोडे अंतर राखून कापायचे आणि मग उरलेला खुंट कडेशी कापायचा. घाईने एकाच वेळी कडेशी कापले तर प्लॅस्टिकवर पांढरा डाग उमटतो, आणि तो रंगाखालूनही खुणावत राहतो. मग बारीक कानस, मग पॉलिश पेपर. त्यानंतर सिमेंट. याला गोंद म्हणणे बरोबर नाही. गोंद दोन वस्तूंच्या मध्ये बसून त्यांना धरून ठेवतो. हे सिमेंट दोन्ही कडा किंचित विरघळवते आणि द्रावक उडून गेला की त्या कडा एकजीव होतात. म्हणून वाकडा बसलेला पंख दुसऱ्या दिवशी सुटत नाही, तो मोडावाच लागतो. मुलांना हे एकदा अनुभवाने कळले, की पुस्तिका आधी शेवटपर्यंत वाचण्याची सवय आपोआप लागते. वर्गात आम्ही वर्षभर कंठशोष करूनही जे साधत नाही, ते एका वाकड्या पंखाने साधते.

रंगकामाचे शत्रू दोन. पहिला कोकणचा पावसाळा. जुलैच्या दमट हवेत वरचा बिनचकाकीचा थर दिला तर तो पांढुरका पडतो, म्हणून ते काम दिवाळीनंतरच करायचे. दुसरा शत्रू खास आपल्या भिवंडीचा. यंत्रमागाच्या वस्तीतून आलेल्या मुलाच्या कपड्यांबरोबर सुताचे बारीक तंतू येतात आणि ओल्या रंगावर अलगद बसतात. त्यावर उपाय मुलांनीच काढला. रंगवलेला भाग सुकेपर्यंत पुठ्ठ्याच्या खोक्याखाली झाकून ठेवायचा. सिमेंट आणि रंग यांच्या वाफा चांगल्या नसतात, म्हणून खिडक्या उघड्या आणि शिक्षक हजर, हा नियम मात्र आमचा.

गणितही येथे नकळत शिरते. १:७२ हे जुने प्रमाण फूट-इंचांच्या हिशेबातले आहे, सहा फुटांना एक इंच. पाच फूट पाच इंच उंचीचा, म्हणजे १६५ सेंटिमीटरचा विद्यार्थी या प्रमाणात सव्वादोन सेंटिमीटरांच्या किंचित वर भरतो. जपानच्या बांदाई कंपनीने १९८० साली गंडम या काल्पनिक यंत्रमानवाचा पहिला संच काढला तो १:१४४ प्रमाणात. कथेतील गंडमची उंची १८ मीटर. मग मॉडेल किती उंच असेल? साडेबारा सेंटिमीटर. जे अस्तित्वातच नाही त्याचेही प्रमाण नेमके काढता येते, याचे मुलांना मोठे नवल वाटते. आम्हांलाही वाटते.

एक आक्षेप आमच्या मनालाही टोचतो. मैत्री आणि करुणा शिकवणाऱ्या संस्थेत शस्त्रे लावलेली विमाने का असावीत? क्षेपणास्त्रांचे भाग चौकटीतच राहू द्यायचे, असा रिवाज आमच्याकडे पडला आहे. सगळी मुले तो मनापासून पाळतात असे म्हणवत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. खऱ्या विमानाची प्रतिकृती ठीक, पण कल्पनेतल्या विमानाची कशासाठी? 'स्टार वॉर्स' हा चित्रपट १९७७ सालचा. त्यातील अवकाशयाने बनवणाऱ्या कारागिरांनी दुकानातून रणगाडे, विमाने, मोटारी यांचे शेकडो प्लॅस्टिक संच आणले आणि त्यांचे सुटे भाग यानांच्या अंगावर चिकटवले. पडद्यावर अफाट वाटणाऱ्या यानाची ती गुंतागुंतीची कातडी खऱ्या यंत्रांच्या तुकड्यांची आहे. व्हॅल्किरीकडे पाहा. तिचे मागे दुमडणारे पंख आणि जोडशेपूट अमेरिकेच्या एफ-१४ विमानावरून उघडउघड घेतलेले आहेत. कल्पना कितीही उंच गेली तरी तिचे सुटे भाग जमिनीवरचे असतात. हे एकदा दिसले, की मुले कल्पित विमानाला प्रश्न विचारू लागतात : हा भाग मूळचा कोठला? येथे त्याचे काम काय?

एक्स-विंग आणि चांद्रयान-३ चा विक्रम लँडर आम्ही मुद्दाम शेजारी ठेवले आहेत. २३ ऑगस्ट २०२३ रोजी विक्रम चंद्रावर उतरला तेव्हा सारे वसतिगृह पडद्यासमोर होते. त्याची प्रतिकृती मुलांनी पुठ्ठ्याची केली आहे. चार पायांवरचा एक ओबडधोबड खोका. पंख नाहीत, टोकदार नाक नाही. चंद्रावर हवा नाही, आणि हवेवाचून पंख कोणालाही उचलून धरत नाही. मग एक्स-विंगला पंख का? "ते ग्रहांवरही उतरते, तेथे हवा असते," असा युक्तिवाद एका मुलीने केला. तो बिनतोड होता. मात्र निर्वात पोकळीत ते विमान गिरकी घेताना एका बाजूला कलते, त्याचे समर्थन तिलाही करता आले नाही. दिसायला देखणे यान चित्रपटातले, आणि प्रत्यक्ष चंद्रावर पोहोचलेले तेवढे देखणे नाही. ही जोडी पाहून मुले जे बोलतात ते आम्ही शांतपणे ऐकतो.

येथूनच कपाटातील चिठ्ठ्यांची पद्धत निघाली. प्रत्येक मॉडेलच्या पायथ्याशी एक चिठ्ठी आणि तिच्यावर तीन ओळी. हे कोठून आले? हे उडाले का, आणि उडाले असेल तर केव्हा, कोणी पाहिले? कशाच्या बळावर उडते? एक्स-विंगच्या चिठ्ठीवर लिहिले आहे : चित्रपट, १९७७. उडाले नाही. ही ओळ लिहिताना कोणाला वाईट वाटले नाही. चित्रपटाने तसा दावा कधी केलाच नव्हता.

अडचण उभी राहिली ती वेगळ्याच विमानांपाशी. सुट्टीवरून परतलेल्या एका मुलाने मोबाइलवर पाहिलेले 'शकुन विमान' पुठ्ठ्यातून साकारले. हौस अस्सल होती, काम सुबक होते. चिठ्ठीवर त्याने लिहिले : प्राचीन भारत, हजारो वर्षांपूर्वी उडाले. आता काय करावे? मुलाचे मन मोडावे की चिठ्ठी तशीच राहू द्यावी?

शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर ही चार विमाने 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातील. हा संस्कृत ग्रंथ भरद्वाज ऋषींचा म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात तो पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगून लिहवून घेतला, आणि त्यातील आकृत्या बंगळूरच्या एल्लप्पा नावाच्या आरेखकाने १९२३ च्या सुमारास काढल्या. १९७४ साली भारतीय विज्ञान संस्थेतील एच. एस. मुकुंद आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी या ग्रंथाचा अभ्यास केला. त्यांनी ग्रंथाची टिंगल केली नाही. भाषा तपासली, वृत्त पाहिले, हस्तलिखिताचा माग काढला आणि मग प्रत्येक आकृतीला अभियंत्याचे प्रश्न विचारले : वजन किती, उचल कोठून येणार, तोल कसा सांभाळणार? निष्कर्ष स्पष्ट निघाला. ग्रंथ १९०४ पूर्वीचा असू शकत नाही आणि त्यातील एकही विमान उडू शकत नाही. तरीही २०१५ च्या जानेवारीत मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेलाच.

योगायोग असा, की त्याच १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जयंत विष्णू नारळीकरांनी आपलीच आद्याक्षरे उलटी करून घेतलेले टोपणनाव होते, आपल्या कीर्तीचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण कल्पित लिहिताना त्याने तिला कथा म्हटले आणि कथेच्याच स्पर्धेत पाठवले. सुब्बराय शास्त्रींची शकुन-रुक्म ही विमाने कथा म्हणून आली असती, तर आमच्या मते मराठी-कन्नड मुलांनी ती आजवर आनंदाने जुळवली असती.

हे सारे त्या मुलाला सांगणे सोपे होते. दुसऱ्याच्या ग्रंथाची चिकित्सा नेहमीच सोपी असते. म्हणून आम्ही आपल्या घरातले विमान काढले. धम्मपद अट्ठकथेत, अत्तवग्गातील पहिल्या गाथेच्या निमित्ताने, बोधिराजकुमाराची कथा येते. त्याने कोकनद नावाचा अनुपम प्रासाद बांधवून घेतला आणि असा दुसरा प्रासाद कोणासाठी उभा राहू नये म्हणून सुताराचा घात करण्याचे मनात आणले. सुताराला ते कळले. काम अजून बाकी आहे असे सांगून त्याने हलकी, सुकी लाकडे मागवली, त्यांचा गरुड पक्षी घडवला, बायकोमुलांना त्याच्या पोटात बसवले आणि खिडकीतून उडून हिमालयाकडे निघून गेला. कारागिराने सत्तेच्या हातून स्वतःला सोडवल्याची ही कथा आमच्या मुलांना फार आवडते, आणि का आवडते हे वेगळे सांगायला नको.

पण चिठ्ठी? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बुद्धवचन ओळखण्याची कसोटी विवेकाची आणि तर्काची ठेवली आहे. कालाम सुत्त तर आपण प्रत्येक कार्यक्रमात उद्धृत करतो. ते सुत्त आचरणाविषयी आहे, विमानांविषयी नाही, हेही खरे. तरी परंपरेने सांगितले, ग्रंथात आहे, एवढ्याने मानू नये, हे सूत्र शकुनाला लावायचे आणि गरुडाला सोडायचे, असे करता येईना. त्याच मुलाने बांबूच्या कामट्यांचा गरुड केला आणि चिठ्ठी लिहिली : अट्ठकथेतील गोष्ट. उडाला नाही. त्यानंतर शकुनाची चिठ्ठी त्याने स्वतःहून बदलली. आम्ही सांगितले नव्हते.

कपाटात राइट बंधूंचे विमानही आहे. १७ डिसेंबर १९०३, बारा सेकंद, १२० फूट, पाच साक्षीदार आणि एक छायाचित्र, एवढे त्याच्या चिठ्ठीवर आहे. या भावांनीही आधी मॉडेलेच केली होती, हे मात्र चिठ्ठीत मावले नाही. १९०१ साली त्यांनी लाकडी पेटीत वारा सोडून पत्र्याचे सुमारे दोनशे लहान पंख तपासले. मोठ्या विमानाचा जन्म त्या पेटीत झाला.

राहिले तळपद्यांचे विमान. मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान दीड हजार फूट उंच उडवले, ही कथा आपल्याकडे अभिमानाने सांगतात. ती सिद्ध करणारा समकालीन पुरावा आजवर पुढे आलेला नाही. १९७४ च्या त्या अभ्यासात मात्र एक साधी नोंद आहे : तळपद्यांनी शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली मॉडेले करून पाहिली, पण त्यांतील एकही उडाले नाही. दंतकथेतल्या तळपद्यांपेक्षा हे तळपदे आम्हांला अधिक जवळचे वाटतात. मॉडेल केले, उडाले नाही, पुन्हा केले. त्यांच्या विमानाचा खात्रीचा आराखडा उपलब्ध नसल्यामुळे कपाटात त्यांच्या नावाची जागा रिकामी आहे. तेथे केवळ चिठ्ठी आहे, आणि ती लिहायला नववीच्या वर्गाला दोन तास लागले.

'मुंबई. शिवकर बापूजी तळपदे. उडाल्याचा पुरावा नाही. प्रयत्न केल्याची नोंद आहे.'