रविवार वाचवायचा असेल तर

चि. अनिकेत यास अनेक आशीर्वाद.

रीफ टँकपायी तुझे रविवार जातात आणि त्यावर उपाय म्हणून तू महागडी यंत्रं मागवायच्या बेतात आहेस, असं कळलं. पण देखभालीचं ओझं तू टाकीत काय घालतोस त्यावरच ठरतं. समज, खाद्यामुळे नायट्रेट आठवड्याला लिटरमागे ५ मिलिग्रॅम वाढतं आणि तू दर रविवारी १० टक्के पाणी बदलतोस. हिशेब मांडून पाहा: शेवटी आकडा ५० पर्यंत चढणार, पाणी बदललं की ४५ वर येणार, पुढच्या रविवारी पुन्हा ५०. वर्षभर बादल्या वाहिल्यास तरी हेच. खाद्य निम्मं केलंस तर तेवढ्याच बादल्यांत तो २५ वर थांबेल. मासे उपाशी राहतील म्हणशील, तर दोन मिनिटांत जे ते खात नाहीत ते शेवाळालाच जातं. फ्रोझन आर्टेमियाचा क्यूब वाटीत वितळवून चहाच्या गाळणीतून गाळ. खालचं गढूळ पाणी टाकीत कशाला?

प्रवाळांचंही तसंच. दगडी प्रवाळ सांगाडा बांधायला कॅल्शियम आणि अल्कलिनिटी सतत ओढून घेतात. मग रोजचं मोजणं आणि डोसिंग आलंच. मश्रूम किंवा लेदर कोरलची ही भूक फार कमी. (आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ तर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तो मोह धरूच नये.) पाणी बदलल्याने सूक्ष्म घटक मिळतात हा आक्षेप खरा आहे, म्हणून ते बंद कर असं मी म्हणत नाही. पण अशा टाकीत चाचण्यांचे आकडे स्थिर असतील तर दोन-तीन आठवड्यांनी बदललंस तरी चालेल.

एका यंत्राला मात्र माझी हरकत नाही: ऑटो टॉप-अप, म्हणजे फ्लोटने पातळी पाहून उडालेलं पाणी डब्यातून आपोआप भरणारं यंत्र. वाफ होते ती गोड्या पाण्याची, मीठ मागेच राहतं. २०० लिटरच्या टाकीतून रोज २ लिटर उडालं आणि आठवडाभर भरलं नाहीस, तर खारेपणा हजारी ३५ वरून साडेसदतीसच्या वर जातो. यंत्र बिघडलं तर, ही तुझी शंका रास्त आहे. फ्लोट अडकला की डबा सगळा रिकामा होतो. म्हणून डबा लहान घे. १० लिटर एकदम आत गेलं तर खारेपणा ३३ च्या आसपास येईल, ते प्रवाळ सोसतील. ५० लिटरच्या पिंपाने तो २८ वर येईल आणि बरंच काही मरेल. पाच दिवसांनी डबा भरायचा कंटाळा करू नकोस, त्यात आरओचंच पाणी घाल आणि झाकण घट्ट ठेव, पावसाळ्यात त्यात डास अंडी घालतात.

तुझा,
काका