मागच्या सीटवर बसणाऱ्यांची काळजी

मोटारसायकल घेताना आपण ॲव्हरेज विचारतो, रंग पसंत करतो, हप्ता ठरवतो. पुढे ब्रेक किंवा क्लच बिघडला की गाडी लगेच मेकॅनिककडे जाते, कारण त्याशिवाय ती चालवताच येत नाही. साडीगार्ड, चेनकव्हर, मागचे फूटरेस्ट आणि सायलेन्सरवरचे झाकण यांचे तसे नाही. हे भाग मोडले तरी गाडी पळते, म्हणून त्यांची दुरुस्ती राहून जाते. त्याची शिक्षा मात्र मागे बसलेल्या बायकामुलांना भोगावी लागते. या दुखापती ठराविक स्वरूपाच्या असतात आणि बहुतेक टाळता येतात.

१) ओढणी व पदर : साडीगार्ड गाडीची शोभा घालवते म्हणून काही जण ते काढून टाकतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी हाताला पकड, पायाला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण असावेच लागते. ओढणीचे टोक चाकात गेले की क्षणात गळ्याला फास बसतो. अशा वेळी गाडी थांबवून ओढणी सरळ कापावी, ओढत बसू नये. मान वळू न देता रुग्णाला आडवे झोपवावे. आवाज बसणे, गिळताना दुखणे, श्वासाला घरघर लागणे, हातापायांना मुंग्या येणे ही गंभीर लक्षणे आहेत. सुरुवातीला बरे वाटले तरी स्वरयंत्राची सूज काही तासांनी वाढून श्वास कोंडू शकतो. म्हणून गळा आवळला गेला असेल तर रुग्णालयात नेलेच पाहिजे. गाडीवर बसण्यापूर्वी ओढणी व पदर कमरेशी घट्ट खोचावा.

२) मुलाची टाच : लहान मुलाचे पाय फूटरेस्टपर्यंत पोहोचत नाहीत. लोंबकळणारा पाय चाकाच्या तारांमध्ये जातो आणि टाच चिरडते. पाय अडकला तर चाक उलटसुलट फिरवू नये, तारा कापून पाय सोडवावा. जखम स्वच्छ पाण्याने धुऊन कापडाने झाकावी व पाय उंच ठेवावा. पहिल्या दिवशी ही जखम नुसती खरचटल्यासारखी दिसते. पण दाबली गेलेली कातडी दोन-चार दिवसांनी काळी पडू शकते. आत हाडही मोडलेले असू शकते. त्यामुळे एक्स-रे, धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दल डॉक्टरांचा सल्ला आणि काही दिवसांनी पुन्हा तपासणी, हे तिन्ही आवश्यक आहे. मुलांना पाय झाकणारे बूट घालावेत.

३) सायलेन्सरचा चटका : सायलेन्सर बहुधा उजव्या बाजूला असतो. उजवीकडून उतरताना पोटरीच्या आतल्या बाजूला चटका बसतो. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साध्या पाण्याची धार धरावी. बर्फ, शाई, हळद, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. फोड फोडू नयेत. मधुमेही माणसाने असा चटका किरकोळ समजू नये. सायलेन्सरवरचे झाकण घट्ट बसवून घ्यावे आणि उतरताना नेहमी डावीकडूनच उतरावे.

४) हवा आणि चेन : दोघे बसणार असतील तर बहुतेक गाड्यांच्या मागच्या टायरला जास्त हवा लागते. ती किती, हे गाडीसोबतच्या पुस्तिकेत किंवा चेनकव्हरजवळच्या पट्टीवर दिलेले असते. कमी हवेवर दोघांचे वजन पडले की वळणावर गाडी डुलते. सैल चेन उतरून चाकात अडकली तर चालती गाडी जागीच घसरते. हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना तपासावी.

५) दुसरे हेल्मेट : चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागे बसलेली पत्नी मोकळ्या डोक्याने, हे दृश्य रोजचे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे हेल्मेट दोघांनाही सक्तीचे आहे. अनेक देशांतील अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो. पट्टा न लावलेले हेल्मेट पडताक्षणी निघून जाते. मुलांसाठी २०२२ मध्ये वेगळा नियम झाला. त्यानुसार चार वर्षांखालील मूल सुरक्षा पट्ट्याने चालकाशी बांधलेले असावे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत असावा. नऊ महिन्यांवरील मुलाला मापाचे हेल्मेट हवे.

अपघात झालाच तर १०८ क्रमांकावर फोन करावा. जखमीला मदत करणाऱ्याला कलम १३४-अ चे संरक्षण आहे, तेव्हा पोलिसांच्या भीतीने मागे सरू नये.

येत्या सुट्टीच्या दिवशी एवढे करावे : गाडी स्टँडवर लावून स्वतः मागच्या सीटवर बसावे. हात कशाला धरता येतो, पाय कुठे टेकतात, कपडा चाकापासून किती अंतरावर राहतो, पोटरी कशाला लागते हे पाहावे. जे सापडेल ते त्याच दिवशी मेकॅनिककडून दुरुस्त करून घ्यावे. दुसऱ्या दिवशी त्या जागेवर आपलेच माणूस बसणार असते.