चुकाऱ्याचा रकाना आणि एक अक्षर

कापसाच्या हंगामात आमच्या कळंब भागात काटापट्टी आणि चुकारा यांच्याशिवाय बोलणं होत नाही. २०१४ च्या सुमारास इथल्या एका खरेदीदाराने नवा आयफोन घेतला आणि त्याच्या हिशेबाच्या ॲपमध्ये चुकारा झालेल्या कास्तकारांच्या नावापुढेही ‘बाकी’ दिसू लागलं. नाव, वजन, भाव सगळं बरोबर होतं, घोळ तेवढ्या एकाच रकान्यात होता. दुरुस्तीसाठी ते ॲप माझ्याकडे आलं.

ॲप ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये लिहिलेलं होतं. नोंद साठवताना ते रनटाइमकडून क्लासच्या प्रॉपर्टींची यादी मागवायचं आणि प्रत्येकीचा प्रकार बघून काय करायचं ते ठरवायचं. रनटाइम हा प्रकार अक्षरांत सांगतो: ‘डबल’ प्रकारच्या दशांश संख्येला स्मॉल ‘डी’, ऑब्जेक्टला ‘@’ आणि पुढे अवतरणात क्लासचं नाव. चुकारा झाला की नाही, हे ‘बूल’ या हो-नाहीच्या प्रकारात होतं. जुन्या ३२-बिट फोनवर त्याचं अक्षर स्मॉल ‘सी’. २०१३ मध्ये आयफोन ५एससोबत ६४-बिट आलं आणि तिथे तेच अक्षर कॅपिटल ‘बी’ झालं. कोड फक्त ‘सी’ ओळखत होता. अनोळखी अक्षर दिसलं की प्रॉपर्टी गुपचूप सोडून द्यायची, अशी त्याची रचना होती. त्यामुळे ‘चुकारा झाला’ ही नोंद साठवलीच गेली नाही, आणि ॲप क्रॅश न झाल्याने कुणाला कळलंही नाही.

म्हणून अक्षर हाताने लिहू नका, ‘@एनकोड’ने कंपायलरलाच विचारा. ‘एनएसइंटिजर’ या पूर्णांकाच्या प्रकाराचंही तसंच आहे: ३२-बिटवर ‘आय’, ६४-बिटवर ‘क्यू’. प्रकार ओळखू आला नाही, तर तिथेच थांबून ओरडणारा कोड लिहा. पैशाच्या नोंदीत मौन फार महागात पडतं.

आणखी एक: रनटाइमकडून मिळणारी प्रॉपर्टींची यादी फक्त त्याच क्लासची असते. वडील क्लासच्या प्रॉपर्टी हव्या असतील तर वर चढत जावं लागतं, आणि काम झालं की यादीची मेमरी ‘फ्री’ करावी लागते. ‘ॲरे’च्या आत स्ट्रिंग आहेत की आकडे, हे तर रनटाइमला माहीतच नसतं.

तुमच्याकडे असा जुना कोड असेल, तर कास्तकाराचा पैसा ज्या रकान्यात लिहिला जातो, तो आधी तपासा.