लालनांची नाममुद्रा



बाउल पदकर्ते लालन फकीर १७ ऑक्टोबर १८९० रोजी आजच्या बांगलादेशातल्या कुष्टियाजवळच्या छेउडिया गावी आपल्या आखाड्यात वारले. ते जन्माने हिंदू की मुसलमान, याचा निकाल अजून लागलेला नाही. तो लागू नये अशीच त्यांची वागणूक होती. जात विचारणाऱ्यांना त्यांनी गाण्यातूनच उलटे प्रश्न विचारले.

बाउल म्हणजे बंगालमधले गाणारे साधक. त्यांच्या मते देव देहातच राहतो. त्याला शोधायला गुरू लागतो. मशीद, देऊळ वा पोथी यांची मध्यस्थी लागत नाही. धर्माधिकाऱ्यांना नेमके हेच सलले, कारण यात त्यांचे काही कामच उरत नाही. मौलवींनी बाउलांना बेशरा, म्हणजे शरियतबाहेरचे ठरवले. सनातनी हिंदूंनीही त्यांना आचारभ्रष्ट म्हणून दूरच ठेवले. १९२६ साली रंगपूरच्या मौलाना रियाझुद्दीन अहमद यांनी ‘बाउल ध्वंस फतवा’ या नावाचे पुस्तकच काढले. ती वृत्ती पुढेही टिकली. २००८ मध्ये ढाका विमानतळासमोर उभे राहत असलेले बाउलशिल्प धर्मगटांच्या दबावामुळे हटवले गेले, आणि २०११ मध्ये राजबाडी जिल्ह्यातील पांग्शा येथे बाउलांना धरून त्यांचे केस व दाढीमिशा कापण्यात आल्या.

आपल्या हयातीतल्या अशा विरोधाला लालनांनी ग्रंथ लिहून उत्तर दिले नाही. त्यांनी स्वतः काहीच लिहिले नाही. ते गात आणि शिष्य उतरवून घेत. त्यांचे गाणे जवळून पाहण्यासारखे आहे. बाउल एका हाताने एकतारा छेडतो, कमरेला बांधलेल्या डुग्गी या छोट्या तालवाद्यावर दुसऱ्या हाताने ठेका धरतो आणि उभ्यानेच गातो. ध्रुवपदात बहुधा प्रश्न असतो. अंतऱ्यांतून तो वाढत जातो आणि शेवटी अभंगातल्यासारखी नाममुद्रा येते. पुष्कळ पदांत तिथे गुरू सिराज साँई येतात आणि लालनलाच अडाणी म्हणून फटकारतात. साऱ्या जगाला प्रश्न विचारून झाल्यावर गाणारा स्वतःला कोऱ्या पाटीसारखा गुरूपुढे ठेवतो. लालनांच्या बंडखोरीचे खरे बळ इथे आहे. ही पदे गायला घेणाऱ्याने टाळ्या मिळवणारा अंतरा ठेवून शेवटची ओळ गाळणे हा अपराधच होय. ती ओळ गेली की उरते ती नुसती टीका.

रवींद्रनाथांनी १९१५-१६च्या सुमारास ‘प्रवासी’ मासिकात लालनांची वीस पदे छापली आणि ती शहरी वाचकांपर्यंत पोहोचली. मात्र प्रतिष्ठा मिळाली म्हणून संरक्षण मिळतेच असे नाही. बाउल गाण्याला युनेस्कोने २००५ मध्ये मानवतेचा वारसा म्हणून गौरवले. तरीही २०२० च्या जानेवारीत टांगाईलच्या शरियत सरकार या बाउल गायकाला अटक झाली. कुराणात संगीताला मनाई नाही, असे तो म्हणाला होता.

त्याच सुमारास रीता देवान या गायिकेवर खटले भरले गेले, ते प्रकरण तर अधिकच बोलके आहे. बंगालच्या पालागानात दोन गायक समोरासमोर उभे राहून बाजू वाटून घेतात: एक शरियत, दुसरा मारिफत म्हणजे अंतर्ज्ञान, एक गुरू, दुसरा शिष्य. तिच्या वाट्याला जीवाची बाजू आली होती, समोरच्याकडे परमेश्वराची. जीवाने देवाशी भांडायचे असते, हा त्या खेळाचा नियमच. तेवढा तुकडा कापून पसरवला गेला, आणि भूमिकेतले बोल गायिकेचे मत म्हणून तिच्या माथी मारले गेले. अखेर तिला जाहीर माफी मागावी लागली. तिचा दोष कणभरही नव्हता. आजच्या गाणाऱ्याने यातून एवढे व्यवहारज्ञान जरूर घ्यावे, की कार्यक्रमाचे संपूर्ण ध्वनिमुद्रण स्वतःजवळ ठेवावे आणि कोणती बाजू कोणाची, हे मंचावर आधी स्पष्ट सांगावे. भीतीपोटी पद मात्र बदलू नये.

ज्याला हे गाणे शिकायचे आहे, त्याने आधी लालनांची पदे गाणाऱ्या फरीदा परवीन यांची ध्वनिमुद्रणे ऐकावीत, मग बंगाली उच्चार जाणणाऱ्याकडे बसून एकच पद पक्के करावे, आणि ते नाममुद्रेसकट गावे.