पराभवाची शिकवण

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण आपण नेहमी ऐकतो. परंतु स्वतःला ठेच लागल्यावर स्वतःच शहाणे होणे हे त्याहून कठीण. कारण ठेच लागली की माणूस आधी दगडाला दोष देतो. इंग्लंडच्या सैन्याने ही कठीण गोष्ट एकदा कशी साधली, ते पाहू.

इ. स. १८९९ च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत इंग्रज व बोअर यांच्यामध्ये युद्ध जुंपले. बोअर हे मुख्यतः डच वंशाचे शेतकरी. ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट ही त्यांची दोन छोटी प्रजासत्ताके होती. त्यांच्याजवळ मोठे खडे सैन्य नव्हते. युद्ध आले की शेतकरीच घोडा व बंदूक घेऊन निघत. अशा लोकांशी चाललेले युद्ध ख्रिसमसपूर्वी संपेल, असे इंग्लंडमध्ये पुष्कळांना वाटत होते.

घडले मात्र विपरीत. १० ते १५ डिसेंबर या सहा दिवसांत स्टॉर्मबर्ग, मागर्सफाँटेन व कोलेन्सो या तीन ठिकाणी इंग्रजांचा पराभव झाला. मागर्सफाँटेन येथे इंग्रज तोफांनी टेकडी भाजून काढली; पण बोअर टेकडीवर नव्हतेच. पायथ्याशी खंदक खणून ते त्यांत दबा धरून बसले होते. पहाटेच्या अंधारात इंग्रजांचे स्कॉटिश सैनिक दाटीवाटीने पुढे सरकले आणि त्यांच्यावर गोळ्यांचा वर्षाव झाला. बोअरांच्या बंदुकांची दारू धूर सोडत नसे. त्यामुळे गोळी कोठून येते, हेही कळेना. कोलेन्सोला तर दहा तोफा शत्रूच्या हाती पडल्या. तेथील जखमींना वाहून नेणाऱ्या हिंदी शुश्रूषापथकाचे एक पुढारी होते मोहनदास करमचंद गांधी.

या दिवसांना इंग्लंडमध्ये 'काळा आठवडा' असे नाव पडले. सेनापती बुलर यांच्या जागी लॉर्ड रॉबर्ट्स यांची नेमणूक झाली. अखेर मे १९०२ मध्ये इंग्रजांनी युद्ध जिंकले; पण त्या जयाला मोठा कलंक लागला. त्यांनी बोअरांची शेते जाळली आणि बायकामुलांना छावण्यांत कोंडले. तेथे वीस हजारांहून अधिक बोअर व हजारो आफ्रिकी लोक मृत्यू पावले. इंग्रजांचेही सुमारे बावीस हजार सैनिक गेले. त्यांतील निम्म्याहून अधिक गोळीने नव्हे, तर विषमज्वरासारख्या रोगांनी!

आता सारा दोष बुलर यांच्या माथी मारून स्वस्थ बसणे सोपे होते. तसे झाले नाही. लॉर्ड एल्गिन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमले गेले. त्याने शंभरावर साक्षीदारांना प्रश्न विचारले. 'कोण चुकले?' एवढ्यावर न थांबता 'का चुकले?' हे त्याने शोधले. पूर्वतयारी अपुरी होती आणि शिक्षण जुनाट होते, हे उघड झाले.

मग सुधारणांना आरंभ झाला. १९०४ मध्ये सरसेनापतीचे पद रद्द होऊन सैन्यमंडळ स्थापन झाले. पुढे युद्धमंत्री हॉल्डेन यांनी परदेशी त्वरित धाडता येईल असे सैन्य सज्ज केले. त्यात पायदळाचे सहा व घोडदळाचा एक असे विभाग होते. १९०८ मध्ये त्यांनी स्वयंसेवकांचे प्रादेशिक दलही उभारले. सैनिक विरळ रांगेने, आडोसा घेत पुढे जाण्यास शिकले. एका मिनिटात पंधरा नेमके बार काढण्याचा त्यांना सराव झाला.

ऑगस्ट १९१४ मध्ये बेल्जियममधील मॉन्स येथे या सैन्याला माघार घ्यावी लागली. परंतु त्याच्या अचूक माऱ्याने अधिक बलाढ्य जर्मन सैन्याची मोठी हानी केली. तथापि, १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत एकाच दिवशी सुमारे १९,००० ब्रिटिश सैनिक ठार झाले. एकदा धडा शिकलो म्हणजे कायमचे शहाणे झालो, असे नसते.

पराभव कोणाच्याही वाट्याला येतो. त्यानंतर दगडाकडे बोट दाखवायचे की आपल्या पावलांकडे पाहायचे, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे असते.

स्वाध्याय
१. बोअर कोठे दबा धरून बसले होते?
२. 'कोण चुकले?' आणि 'का चुकले?' या प्रश्नांत फरक कोणता?
३. वाक्यांत उपयोग करा : दबा धरणे, माथी मारणे.