पहिले संधान : द्राक्षारिष्टाच्या दोन प्रयोगांची टिपणे

संधान कल्पना आपण सर्वांनीच अभ्यासक्रमात शिकलेली असते. आसव म्हणजे काय, अरिष्ट म्हणजे काय, प्रक्षेप किती, हे परीक्षेत लिहून गुणही मिळविलेले असतात. परंतु प्रत्यक्ष बरणी भरून ती महिनाभर सांभाळण्याचा प्रसंग फार थोड्या चिकित्सकांवर येतो, कारण तयार बाटल्या औषधालयात सहज मिळतात. प्रस्तुत लेखकाने व्यवसायात काही वर्षे काढल्यानंतर प्रथमच स्वतःच्या रुग्णांसाठी द्राक्षारिष्ट करावयास घेतले. पहिला प्रयोग फसला, दुसरा साधला. फसलेल्या प्रयोगाने अधिक शिकविले, म्हणून त्यापासूनच आरंभ करतो.

शार्ङ्गधर संहितेच्या मध्यम खंडातील दहाव्या अध्यायात द्राक्षारिष्टाचा पाठ आहे. अर्धा तुला द्राक्षा दोन द्रोण जलात शिजवून चतुर्थांश काढा ठेवावा, थंड झाल्यावर त्यात दोन तुला गूळ आणि त्वक्, एला, तमालपत्र, नागकेशर, प्रियंगु, मरिच, पिप्पली व विडंग प्रत्येकी एक पल घालून संधान करावे, असे त्याचे स्वरूप. पाठ सुटसुटीत, द्रव्ये इतवारीत एका फेरीत मिळणारी. नवशिक्याने दशमूलारिष्टाच्या लांबलचक यादीत शिरण्यापेक्षा येथून सुरुवात करावी, हा माझा विचार चुकीचा नव्हता. चूक पुढे झाली.

मी सर्व मान चतुर्थांश घेतले. तुला ४.८ किलो व द्रोण १२.२८८ लिटर धरून ६०० ग्रॅम मनुका ६.१४४ लिटर पाण्यात शिजविल्या, काढा १.५३६ लिटर उरविला, त्यात २.४ किलो गूळ विरघळविला आणि प्रत्येकी १२ ग्रॅम प्रक्षेप घातला. मूळ पाठात धातकी नाही. तरी संधान सुरू व्हावे म्हणून धायटीची फुले घातली. महिना वैशाखाचा. महालातील घराच्या मागील खोलीत, कूलरच्या वाऱ्यात, चिनी मातीची बरणी ठेवली आणि कापडमिट्टी करून तोंड बंद केले.

तीस दिवसांनी उघडली तेव्हा आत पहिल्या दिवशी होता तसाच गोड, दाट पाक होता. आवाज नाही, फेस नाही, मद्यगंध नाही. फक्त वर एका कडेला बुरशीचा पातळ पापुद्रा. धायटी जुनी असावी असा निष्कर्ष काढून मी दुकानदाराला मनातल्या मनात दोष दिला. पाक टाकून देणे जिवावर आले, म्हणून पापुद्रा काढून त्यातील थोडा भाग उकळून थंड केलेल्या समभाग पाण्यात मिसळला, बाटलीत भरला, बूच घट्ट लावून कपाटात ठेवला. चौथ्या रात्री बाटली फुटली. कपाटाचे दार बंद होते म्हणून काच आतच राहिली. खालच्या कप्प्यात घरातील मुलांची पुस्तके होती, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो. (बुरशी आलेला पाक ठेवावयासच नको होता, हे वेगळे सांगावयास नको.)

पण त्या फुटलेल्या बाटलीनेच निदान केले. धायटी जुनी नव्हती, किण्व मेलेला नव्हता. पाणी मिळताच तो चार दिवसांत काच फोडण्याइतका वायू निर्माण करू शकत होता. म्हणजे महिनाभर त्याला पाकाने अडवून धरले होते. ज्या कारणाने मुरंबा आंबत नाही त्याच कारणाने माझे अरिष्ट आंबले नव्हते. शर्करेचे प्रमाण फार वाढले की ती किण्वाच्या पेशीतील पाणी बाहेर ओढते आणि पेशी निष्क्रिय होते. माझ्या बरणीत वजनाने ६० टक्के गूळ होता.

मग हा पाठच चुकीचा का? नाही. मी परिभाषा विसरलो होतो. शार्ङ्गधरांच्याच मान-परिभाषेप्रमाणे कुडवापर्यंत द्रव व शुष्क द्रव्यांचे मान समान, प्रस्थापासून पुढे द्रव व आर्द्र द्रव्ये द्विगुण घ्यावयाची, आणि तुलामानात सांगितलेले मात्र कधीच द्विगुण करावयाचे नाही. जल द्रोणात सांगितले आहे, गूळ तुलेत. म्हणून जल दुप्पट होते, गूळ तेवढाच राहतो. विद्यार्थिदशेत द्रवद्वैगुण्य हा मला केवळ पाठांतराचा विषय वाटे. बरणीपुढे बसल्यावर लक्षात आले की संधान होणे वा न होणे येथेच ठरते. दुप्पट जल घेतल्यास माझा काढा ३.०७२ लिटर उरला असता आणि गुळाचे प्रमाण ६० वरून सुमारे ४३ टक्क्यांवर आले असते.

त्रेचाळीस टक्केही किण्वाला जडच जातात. येथे थोडे पाश्चात्त्य मद्यनिर्मितीकडे पाहणे उपयोगी ठरेल. बिअर करणारा मनुष्य यवाला अंकुर आणून वाळवितो, त्याचा गोड काढा काढतो, हॉप नावाच्या कडू फुलांसह उकळतो, शीघ्र थंड करतो आणि मगच मोजून यीस्ट घालतो. त्याच्या काढ्यात शर्करा बहुधा दहा-बारा टक्के असते, म्हणून त्याचे काम आठवड्या-दोन आठवड्यांत संपते. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर ती धान्ययोनी सुरा आहे. चरकांनी सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात धान्य, फल, मूल, सार, पुष्प, कांड, पत्र, त्वक् व शर्करा अशा नऊ योनींतून ८४ आसव सांगितले, त्यांत धान्यासव सहा आहेत. यीस्टच्या जागी आपल्याकडे सुराबीज म्हणजे किण्व आहेच. फरक असा की, पाश्चर यांचा बिअरवरील ग्रंथ १८७६ मध्ये आल्यानंतर आणि कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सेन यांनी १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध किण्व वाढविल्यानंतर त्यांचे शास्त्र किण्वाला नावानिशी ओळखू लागले. आपण मात्र धायटीच्या फुलांवर आपोआप येणाऱ्या किण्वावर विसंबून राहिलो. (घरी बिअर करणे महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली परवान्याशिवाय चालत नाही. उत्साही विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतात म्हणून येथे नोंदवितो.)

दुसरा प्रयोग आश्विनात केला. नागपूरकरांना ऋतूचे महत्त्व सांगावयास नको. वैशाखात पारा ४५ अंशांपुढे जातो. खोली चाळिशीवर गेली की किण्व दमतो, आणि कूलर लावावा तर ओलसर हवेने बुरशी वाढते. पौषात रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि काम थांबते. भांडे धान्यराशीत ठेवण्याची आज्ञा उष्णता टिकविण्यासाठीच आहे. धान्य नसल्यास भाताचा कोंडा पोत्यात भरून बरणीभोवती लावावा. आश्विन-कार्तिक आणि माघाची अखेर ते फाल्गुन हा काळ आपल्याकडे सर्वांत सोयीचा, कारण खोलीचे तापमान २५ ते ३२ अंशांत सहज राहते.

धायटी या वेळी स्वतः निवडून घेतली. मेळघाट, गडचिरोली, चंद्रपूरच्या जंगलांत ती विपुल आहे आणि हिवाळ्याच्या अखेरीपासून वसंतात फुलते. त्याच हंगामाची, सावलीत वाळविलेली, लाल रंग टिकलेली फुले घ्यावीत. प्रमाणासाठी अशोकारिष्टाचा आधार घेतला. तेथे दोनशे पल गुळाला सोळा पल धातकी आहे, म्हणजे आठ टक्के. त्या हिशोबाने २.४ किलो गुळाला १९२ ग्रॅम झाली. गूळही गडद पाहून घेतला. पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रोसल्फाइट टाकलेल्या गुळात गंधकाचा अंश राहतो आणि तो किण्वाला मारक ठरतो.

मनुका ६०० ग्रॅम, जल १२.२८८ लिटर, काढा ३.०७२ लिटर. यातून पाव लिटर काढा कोमट असताना वेगळा काढून त्यात मूठभर गूळ व थोडी धायटी घालून एक रात्र ठेवली. दह्याला विरजण लागते तसेच हे. सकाळी त्यावर फेस आलेला दिसला, तेव्हाच किण्व जिवंत असल्याची खात्री झाली आणि मोठी बरणी भरली. मुख्य काढा पूर्ण थंड झालेला होता. ‘पूते शीते’ या दोन शब्दांवरून आपण घाईने पुढे जातो, पण वाफाळत्या काढ्यात धातकी टाकणारा स्वतःच्या हाताने किण्व शिजवीत असतो.

गूळ मी एकदम घातला नाही. निम्मा, १.२ किलो, प्रथम घातला. त्यामुळे गुळाचे प्रमाण २७ टक्क्यांच्या आसपास राहिले. उरलेला संधान जोमात आल्यावर पाचव्या व दहाव्या दिवशी समान भागांत घातला. पाठात असे टप्पे सांगितलेले नाहीत, आणि ज्येष्ठ वैद्यांनी यावर आक्षेप घेतल्यास तो मला मान्य आहे. द्रव्य व मान तेच ठेवून केवळ क्रम बदलला, एवढेच माझे समर्थन. यीस्टची पुडी घालावी की नाही, हा वाद याहून मोठा आहे. माझ्या मते ताजी धायटी मिळत असताना तिची गरज नाही. घातल्यास नोंदवहीत लिहावे.

पात्राविषयी. घृतलिप्त व धूपित मृत्पात्र ही शास्त्राज्ञा. तुपाने मातीची छिद्रे बुजतात, धूपनाने जंतू कमी होतात. मी स्टेनलेस स्टीलचे झाकणाचे पिंप उकळत्या पाण्याने धुऊन वापरले. तांबे-पितळ टाळावे, कारण अरिष्ट आम्ल असते. स्वस्त चिनी बरणीच्या लुकणातून शिसे उतरण्याची भीतीही त्याच कारणाने असते. पात्र तीन-चतुर्थांशच भरावे. आणि पहिले दहा-बारा दिवस संधिबंधन घट्ट करू नये. स्वच्छ दुहेरी कापड बांधावे किंवा झाकणातून नळी काढून तिचे टोक पाण्यात बुडवावे. वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही. मोठ्या संधानगृहात हा वायू जमिनीलगत साचतो, म्हणून तेथे वायुवीजन हवे आणि पिंपात डोके घालून वास घेऊ नये.

दुसऱ्या दिवशी कान लावल्यावर सळसळ ऐकू आली. प्रक्षेप वर तरंगत होता. पेटती काडी तोंडाशी नेताच विझे, नळीतील वायू चुन्याच्या निवळीत सोडताच ती दुधाळ होई. बाविसाव्या दिवशी आवाज मंद झाला, अडतिसाव्या दिवशी पूर्ण थांबला. प्रक्षेप तळाशी बसला, काडी जळत राहिली. ही जातलक्षणे आपण जाणतोच. त्यांच्या जोडीला मी बिअरवाल्यांची एक साधी रीत वापरली. आरंभी १०० मिली काढ्यात त्याच प्रमाणात सगळा गूळ, म्हणजे ७८ ग्रॅम, मिसळून विशिष्ट गुरुत्व मोजले, ते १.२१ आले. अखेरीस गाळलेल्या अरिष्टाचे १.१५ भरले. या दोहोंतील फरकाला १३१ ने गुणले की मद्यार्काची ढोबळ टक्केवारी मिळते. येथे ती सुमारे आठ आली. औषधकोशात बहुतेक आसवारिष्टांना ५ ते १० टक्के ही मर्यादा दिलेली आहे. ही अदमासाची रीत आहे, प्रयोगशाळेच्या परीक्षणाची जागा ती घेत नाही. पण शे-दोनशे रुपयांच्या हायड्रोमीटरने औषधनिर्मात्याला बरेच काही कळते.

हेच आकडे दुसरेही एक सत्य सांगतात. एक टक्का मद्यार्कासाठी लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम शर्करा खर्ची पडते. आठ टक्क्यांना साधारण १३५ ग्रॅम. माझ्या अरिष्टात आरंभी लिटरमागे पाचशे ग्रॅमच्या आसपास शर्करा होती, म्हणजे साडेतीनशेहून अधिक शिल्लक राहिली. तीस मिली मात्रेतून रुग्णाच्या पोटात दहा-बारा ग्रॅम शर्करा जाते, आणि दिवसातून दोनदा. मधुमेही रुग्णाला ‘अरिष्ट आंबलेले आहे, साखर उरत नाही’ असे सांगण्याची पद्धत आपल्यात आहे. ती सोडावी. मद्यार्काचा विचार करून गर्भिणी, यकृद्विकारी आणि मद्यपान सोडलेल्या रुग्णांनाही हे देताना हात आखडावा.

आंबट झालेल्या बरणीचे काय, असे एका तरुण वैद्यांनी विचारले होते. हवा लागून मद्याची अम्लता वाढली की शास्त्राने त्यास शुक्त म्हटले आहे. तो वेगळा कल्प आहे. त्यात गूळ घालून चव झाकावी व अरिष्ट म्हणून द्यावे, हे योग्य नव्हे.

औषधालय चालविणाऱ्या वाचकांसाठी दोन गोष्टी. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम ३३ ईईसी मधील सवलत वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी केलेल्या औषधापुरतीच आहे. शेजारच्या दुकानात चार बाटल्या ठेवावयाच्या तरी निर्मितीचा परवाना व अनुसूची ‘टी’ची पूर्तता लागते. दुसरी गोष्ट आपल्या विभागाची. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे; चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ होती. अशा भागात एकच गिऱ्हाईक आठवड्याला डझनभर बाटल्या मागू लागले, तर ते कशासाठी हे दुकानदाराला कळलेले असते. कौटिल्याच्या सुराध्यक्ष प्रकरणातही अरिष्टे चिकित्सकाच्या प्रमाणानेच करावीत असे आहे. चिठ्ठीशिवाय एकाहून अधिक बाटली न देण्याचा नियम दुकानदाराने स्वतःच पाळावा.

माझे अरिष्ट गाळून महिनाभर नितळत ठेवले आणि मग गडद बाटल्यांत भरले. काठोकाठ नाही, वर दोन बोटे जागा सोडून. पहिले आठ दिवस बाटल्या बादलीत उभ्या ठेवून वर जाड पोते घातले होते; एकही बूच उडाले नाही, तेव्हा त्या कपाटात गेल्या.