हातचं सोडून पळत्याच्या पाठी

दूध संकलन केंद्रासाठी मी लिहिलेला प्रोग्राम दोन वर्षं बिनतक्रार चालला. सभासदांच्या येणेबाकीची फाइल तो रोज रात्री नव्याने लिहायचा. एका सकाळी फोन आला, "दादा, अर्ध्या लोकांची बाकीच दिसत नाही." फाइल उघडली. 'म'पर्यंतची नावं होती, शेवटचं आडनाव मध्येच तुटलेलं, पुढे काही नाही.

लॉग फायलींनी डिस्क भरली होती. पण डिस्क भरणं हा गुन्हा नव्हे. गुन्हा माझा होता. मी जुनी फाइल रिकामी करूनच उघडत होतो आणि मग नवा मजकूर लिहीत होतो. मावला तेवढा लिहून राइटने कमी बाइटचा आकडा परत दिला, तो मी पाहिलाच नाही. पावत्यांवरून बाकी पुन्हा भरण्यात तीन दिवस गेले.

तेव्हापासून काही पथ्यं पाळतो.

राइटचा आकडा वाचा. मागितलं त्यापेक्षा कमी लिहिलं गेलं तर ती चूक नसते. उरलेला भाग पुढे लिहायचा असतो. सिग्नलमुळे काम अडलं तर पुन्हा प्रयत्न करा, पण जागाच संपली असेल तर थांबा आणि तसं सांगा.

जुन्या फायलीला हात लावू नका. त्याच डिरेक्टरीत तात्पुरती फाइल करा, ती पूर्ण लिहा, एफसिंक करा, बंद करा आणि मगच रीनेम करून जुनीच्या जागी बसवा. डिरेक्टरी तीच हवी, कारण रीनेम दुसऱ्या फाइलसिस्टिमवर चालत नाही. शेवटी डिरेक्टरीचंही एफसिंक करा, नाहीतर वीज गेल्यावर नवं नाव टिकेलच असं नाही.

एफसिंक का? राइट यशस्वी झालं म्हणजे मजकूर कर्नलच्या मेमरीत पोचला, एवढंच; तो डिस्कवर उतरवायला एफसिंक लागतं. आणि एफसिंक फसलं तर तेच पुन्हा मारून निर्धास्त होऊ नका. लिनक्स न लिहिली गेलेली पानंही 'स्वच्छ' धरून दुसऱ्या खेपेला यश कळवू शकतं. 2018 मध्ये पोस्टग्रेस डेटाबेसच्या मंडळींना हे उमगलं, तेव्हा त्यांनी अशा वेळी डेटाबेस मुद्दाम पाडून त्याच्या बदलांच्या लॉगवरून सावरायचा मार्ग धरला. आपण लहान माणसांनी निदान सगळा मजकूर नव्या फायलीत पहिल्यापासून लिहावा.

बिघाड स्वतः घडवून बघा. लिनक्सवरच्या '/डेव्ह/फुल'मध्ये काहीही लिहा, 'जागा नाही' हेच उत्तर येतं. अर्धवट लेखन पाहायचं तर चार-पाच एमबीची छोटी फाइलसिस्टिम करून ती भरू द्या.

गेल्या पावसाळ्यात त्याच केंद्रातून पुन्हा फोन आला, "दादा, आजची यादी साठत नाही म्हणतंय."

"आणि कालची?"

"ती आहे की!"

मी निवांत चहा घेतला आणि मग लॉग साफ करायला बसलो.